आमच्यातही असंच असायचं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



महाराज देहाला नाव म्हणतात. नाव गळत असताना डोळे मिटून नुसता जप करत बसणं भक्तीत बसत नाही. आज आपल्या घरातल्या वयात आलेल्या मुलींबद्दल थोडं बोलू.

फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आली. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने गेल्या होत्या. १९२६ मध्ये डॉक्टरांनी हा आजार जगापुढे मांडला, आज तो त्यांच्याच नावाने ओळखतात. ती मुलगी मात्र पुढे चौथ्या मासिक पाळीतच गेली. रक्त गोठवायला मदत करणारं एक प्रथिन कमी, एवढंच कारण. कुणाचा शाप नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही.

आज योग्य उपचार मिळाले तर अशा मुली शिकतात, नोकरी करतात, बाळंतही होतात. अडतं ते आपल्या घरात. पाळी आठ-दहा दिवस चालते, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, काही न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, आणि आपण म्हणतो, "आमच्यातही असंच असायचं गं." असेलच ना! आजार आनुवंशिक आहे.

साध्या तपासणीत प्लेटलेट ठीक निघू शकतात. म्हणून रक्तविकार तज्ज्ञांना दाखवून खास तपासण्या करून घ्याव्या लागतात. डॉक्टरांनी रक्तस्राव आटोक्यात ठेवायला हार्मोनच्या गोळ्या दिल्या की आजी विचारणार, "लग्नाआधी कसल्या या गोळ्या?" आजी, औषध आहे ते. घातक आहे ती डॉक्टरांना न विचारता दिलेली ॲस्पिरिन नि ब्रुफेन. त्याने रक्त जास्त वाहतं.

सोयरीक जुळवताना आजार लपवू नये. बाळंतपणात डॉक्टरांना आधी ठाऊक असलं तर तयारी ठेवता येते. आपल्या सीमाभागात मामा-आत्याच्या घरी लग्नं करायची जुनी रीत आहे. या आजाराचा गंभीर प्रकार किंवा फॅक्टर सात, तेराची मोठी कमतरता बहुधा आई-वडील दोघांकडूनही दोष आला तर होते, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते.

रक्त कमी झालेल्या पोरीला गुरुवारचा उपवास लावू नका. पालखीत तिला दोन पावलं चालू द्या, दमली तर बसायला खुर्ची द्या, पण घरी कोंडून ठेवू नका.

गुरुवारी आरतीनंतर मातृमंडळाच्या आम्ही भगिनी मागच्या खोलीत बसतो. चारचौघांत बोलायला संकोच वाटत असेल तर मुलीला घेऊन तिथे या. डॉक्टरांकडे जाताना सोबत हवी असेल तर आमच्यातली एक जण येईल.

जय गुरुदेव 🙏