४३ विकला

देवा, तिन्हीसांजेला तुझ्यापुढे समई लावली आहे. वातीचं तेल खाली ठिबकतं आणि ज्योत मात्र वर जाते. दोन्हींमागे गुरुत्वाकर्षणच आहे, हे मला फार उशिरा उमगलं. गार, जड हवा खाली उतरते आणि तापलेल्या हलक्या हवेला वर ढकलते, म्हणून ज्योत उभी राहते. जिथे वजन जाणवत नाही, त्या अंतराळस्थानकात हीच ज्योत गोल होते.

तू न्यूटनला दृष्टी दिलीस. खाली पडणारा दगड आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे त्याने १६८७ साली दाखवलं. ही ओढ मुळात का असते, हे आपल्याला ठाऊक नाही, अशी कबुलीही त्याने दिली. तेवढं मोठं मन आम्हालाही दे.

युरेनसच्या चालीत फरक दिसला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने त्याच नियमाने नव्या ग्रहाची जागा सांगितली आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. पण बुधाचा हिशेब जुळेना. त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शतकाला सुमारे ४३ विकला जास्त सरकत होता. एका अंशात ३६०० विकला, म्हणजे ही चूक केवढीशी! तरीही माणसांनी ती दडवली नाही. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असेल म्हणून तो शोधला, तो नव्हताच. अखेर १९१५ साली आइन्स्टाइनने सांगितलं की गुरुत्वाकर्षण ही ओढच नव्हे. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळच वाकतात. त्या गणितात ४३ विकला नेमक्या बसल्या.

देवा, आजही कृष्णविवराच्या गाभ्याशी हे गणित अडतं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाच्या परिसरात, अवकाश-काळातल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे. तिथे रात्र जागवणाऱ्यांना धीर दे. आकडा जुळला नाही तर त्यांना तो पुसावासा वाटू नये. आवडता सिद्धांत सोडायची वेळ आली तर त्यांचा हात थरथरू नये.

आणि मला, कळलं तेवढ्यावर समाधान मानून झोपू देऊ नकोस. आता कपाळ जमिनीला टेकवते आहे. आइन्स्टाइनच्या हिशेबाने मला जाणवतो तो जमिनीने दिलेला आधार. तो असाच राहू दे, आणि न जुळणाऱ्या विकला आमच्या डोळ्यांपुढे राहू दे.