सोडलेला हात

मुलाला पोहायला शिकवताना बाप हमखास एक असत्य बोलतो. "धरलंय मी, भिऊ नको," असे तो म्हणतो आणि त्याच क्षणी मुलाच्या पोटाखालचा आपला हात हळूच काढून घेतो. मूल चार हात मारते, आपण सुटे आहोत हे त्याच्या ध्यानी येते, ते गटांगळी खाते आणि वर येते. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या मुले पोहायला शिकली. मग या असत्याला दोष द्यावा की नाही? प्रश्न लहान दिसतो. परंतु आईबापांनी मुलांच्या विश्वासाशी कसे वागावे, हाच त्याचा गाभा आहे, असे आम्हांस वाटते.

आमचे बालपण शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावी गेले. मुलूख पर्जन्यछायेचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या विहिरीला पाणी टिकून असे, तिच्या काठावर सारी आळी लोटत असे. वडील आमच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधीत, कमरेला बैलाचा कासरा बांधीत आणि स्वतः आधी पाण्यात उतरत. काही दिवसांनी डबा गेला व वाळलेला भोपळा आला. पुढे भोपळाही गेला, नुसता कासरा उरला. शेवटी कासराही सुटला आणि उरला तो फक्त पोटाखालचा हात. त्या दिवशी "धरलंय" असे म्हणून त्यांनी तोही काढला. आम्ही पोहलो खरे. पण वर आल्यावर दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. संध्याकाळी ते एवढेच म्हणाले, "हात काढला व्हता. मी कुठं गेलो व्हतो?"

त्याच विहिरीवर दुसरी रीतही आम्ही पाहिली. आमच्या बरोबरीच्या एका मुलाला त्याच्या चुलत्याने कठड्यावरून न सांगता ढकलून दिले. 'आपोआप शिकेल,' ही त्यामागची समजूत. तो मुलगा वाचला, मात्र त्यानंतर जन्मभर पाण्यात उतरला नाही. दोन्ही मुलांची संमती कोणी विचारली नव्हती आणि दोघेही फसवले गेले होते. तरीही एकाच्या वाट्याला पोहणे आले, दुसऱ्याच्या वाट्याला भय. आमच्या मते फरक एकच होता. चुलता काठावर उभा राहून हसत होता. वडील गळ्याइतक्या पाण्यात, आमच्यापासून हातभर अंतरावर होते. जे भय त्यांनी आम्हांस दिले, त्यात ते स्वतः उभे होते.

बर्फाच्या देशांत पालक मुलांना पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरायला शिकवतात. तेथे आई किंवा बाप पुष्कळदा मुलाच्या पुढे, उताराच्या खालच्या अंगाला, मुलाकडे तोंड करून उभे राहतात आणि स्वतः उलटे मागे मागे सरकत जातात. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आण, मागची फाकव, म्हणजे वेग आवरेल, असे सांगत राहतात. शिकवणे म्हणजे मूल एक पाऊल पुढे आले की आपण एक पाऊल मागे जाणे. मात्र हाताच्या टप्प्याबाहेर न जाणे. विहिरीतही हेच घडते. पण एक मोठा भेद आहे. उतारावरच्या मुलाला आईबाप समोर दिसतात. पाण्यावर पालथ्या पडलेल्या मुलाला पोटाखालचा हात दिसत नाही. त्याला केवळ शब्दावर विसंबावे लागते. जेथे दृष्टी पोहोचत नाही, तेथे शब्दाची किंमत वाढते. म्हणून तेथे शब्द खोटा ठरला तर हानीही मोठी होते.

वडिलांची बाजू घेऊन कोणी म्हणेल की जीव वाचवणारी विद्या देताना एवढे असत्य क्षम्य आहे. विद्येचे महत्त्व आम्हांस मान्यच आहे. ज्यूंच्या तालमूद या प्राचीन ग्रंथात पित्याची मुलाविषयीची कर्तव्ये सांगताना, शास्त्र व व्यवसाय शिकवण्याबरोबर, काही आचार्यांच्या मते पोहायला शिकवणेही येते. कारण त्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाच्या जागृतीसाठी ठरवला. आमच्या भागातही धोका घटलेला नाही. त्याने रूप तेवढे बदलले आहे. निघोज–टाकळी हाजीपाशी कुकडीच्या पात्रात भोवऱ्यांत फिरणाऱ्या गोट्यांनी कातळ कोरून केलेले रांजणखळगे पूर्वीपासून आहेतच. आता गावोगाव शेततळी झाली. त्यांत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्यालाही धरायला दोर नसेल तर वर चढणे कठीण जाते. तेव्हा शिकवणे हे कर्तव्यच आहे. परंतु कर्तव्य मोठे म्हणून त्याची रीत कशीही चालेल, असे मात्र होत नाही.

आमच्या कन्येला शिकवण्याची वेळ आली तेव्हा आम्ही निराळे करून पाहिले. पाठीला डब्याऐवजी प्लॅस्टिकचा कॅन होता, बाकी विहीर तीच. अखेरच्या दिवशी आम्ही सांगितले, "आता हात काढणार आहे. इथेच आहे, हातभर अंतरावर." तिने पायरी घट्ट धरली. तीन दिवस ती सोडीना. काठावरची मंडळी आम्हांस हसली आणि एकदा आमचाही धीर सुटून तेच जुने असत्य ओठांवर आले होते. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काढा, पण लांब जाऊ नका." सत्याने चार दिवस घेतले, असत्याने एका क्षणात काम केले असते. हे चार दिवस वाया गेले असे आम्हांस वाटत नाही. हात सुटण्याचा निर्णय तिचा होता, आणि पुढे आयुष्यात "मी आहे" असे आम्ही कधी म्हटले तर त्या शब्दाला आधार राहिला.

असे असले तरी वडिलांचा न्याय करण्यास आम्ही अधिकारी नाही. त्यांच्या असत्याहून मोठी चूक आमच्या घरात घडली, ती आम्हांस फार उशिरा दिसली. आमची थोरली बहीण त्याच विहिरीवर रोज पाणी शेंदीत असे, धुणे धुवीत असे, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उभी राहत असे. आम्हांपेक्षा पाण्याशी तिचा संबंध अधिक होता. तिला पोहायला शिकवावे असे कोणाच्या मनातही आले नाही. आमच्याशी बाप खोटे बोलला, कारण तो आमच्याजवळ पाण्यात होता. तिच्याशी कोणी खोटेही बोलले नाही.

येत्या सुट्टीत ज्यांच्या विहिरीला पाणी असेल, त्यांनी मुलांना घेऊन पाण्यात उतरावे आणि मुलींना मागे ठेवू नये. हात काढण्याआधी तसे सांगावे, मुलाच्या होकाराची वाट पाहावी. वेळ लागेल. तोवर आपण पाण्यातच उभे राहावे.