एकांत आणि परिषद

ज्ञान शोधणाऱ्यानें आपलें अपुरें काम इतरांपासून लपवावें काय? अंकगणित आणि बैजिक भूमिति यांच्या संगमावर हा प्रश्न एकदां फार स्पष्टपणें उभा राहिला. एलिप्टिक वक्रांविषयींचें एक अनुमान खरें ठरल्यास फर्माचें शेवटचें प्रमेयहि सिद्ध होतें, असें केन रिबेट यांनीं 1986 सालीं दाखविलें. तें कळतांच अँड्र्यू वाइल्स त्या अनुमानाच्या मागें लागले आणि सुमारें सात वर्षें ही गोष्ट त्यांनीं जवळजवळ कोणासहि कळूं दिली नाहीं. चित्तास व्यत्यय नको, हें कारण आम्हांस पटतें. पण त्याच वाटेनें दुसरा कोणी चांचपडत असता, तर त्याचीं वर्षें फुकट गेल्याची जबाबदारी कोणावर? जून 1993 मध्यें केंब्रिज येथें सिद्धता जाहीर झाली. पुढें तपासणींत तींत उणीव आढळली, आणि रिचर्ड टेलर यांच्या सहकार्यानें ती 1994 सालीं भरून निघाली. एकांतानें बहुतेक साधलेलें काम पुरें व्हावयास संगतीची गरज पडलीच.

परिषदा भरवून प्रतिभा निर्माण होत नाहीं, हें खरें. कित्येक परिषदांतून तर भोजनापलीकडे कांहीं निष्पन्न होत नाहीं! तथापि 1968 सालीं मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत भरलेली बैजिक भूमितीची परिषद आम्हांस निराळी वाटते. तिच्या ग्रंथांत अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांनीं बैजिक चक्रांविषयींचीं, स्वतःस सिद्ध न करतां आलेलीं अनुमानें उघडपणें मांडलीं. दुसऱ्या कोणी तीं सिद्ध करून कीर्ति मिळविली तर, ही धास्ती तेथें दिसत नाहीं. सर्वसाधारण रूपांत तीं अजूनहि कोणास सुटलेलीं नाहींत.