पुरे म्हणजे किती?

मराठी माणूस 'पुरे' हा शब्द दोनच ठिकाणी वापरतो : भांडणात आणि पंगतीत. त्यातल्या पंगतीतल्या 'पुरे'ला काडीची किंमत नसते. आपण पानावर आडवे पडलो तरी खरा वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतोच. हा वाढपी हल्ली लग्नात दिसत नाही. तो कुठे गेला, ते मला परवा कळलं. तो संगणकाच्या दुकानात कामाला लागला आहे.

माझ्या भाच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे. आपल्यावर चाललेला खेळ तो स्वतःही टिपून ठेवतो, पण एका वेळी फार तर तासाभराचा. भाच्याला रविवारची अख्खी दुपार टिपायची होती आणि तीही फोर-केमध्ये. त्यासाठी संगणक हवा. शिकवण्या घेऊन त्याने ५० हजार रुपये साठवले होते. मी मामा या नात्याने बरोबर गेलो, तो फक्त सल्ला द्यायला. हे मी रिक्षातच स्पष्ट केलं होतं.

"गेमिंग ना? मग ग्राफिक्स कार्ड दणदणीत घ्या," दुकानदार म्हणाला. कार्ड दणदणीत म्हटल्यावर त्याला वीज पुरवणारा डबा मोठा, डबा मोठा म्हणून पेटी मोठी, पेटी मोठी म्हणून आत पंखे. "एवढं केलंच आहे, तर आणखी ५ हजारांनी काय होतंय?" दहा मिनिटांत आम्ही ९० हजारांवर पोचलो. खरं सांगतो, मलाही मोह झाला. पेटीच्या काचेआड तांबडे-निळे दिवे लुकलुकत होते. ती दिवाणखान्यात ठेवली, तर मीसुद्धा जरा तरुण दिसलो असतो.

भाचा मात्र शांत होता. "मामा, खेळ प्लेस्टेशन खेळणार. संगणकाने फक्त लिहून घ्यायचं."

मी एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. माझी मान एकदम ताठ झाली. म्हणजे हे काम आमच्याच जातकुळीचं! कुस्ती पैलवानाने करायची आणि निकाल कारकुनाने लिहायचा. त्या कारकुनाला पैलवानाचा खुराक कशाला?

लिहायचं काम लहान नसतं, हे मात्र खरं. फोर-केच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, आणि सेकंदाला अशी ६० चित्रं. सगळी जशीच्या तशी उतरवायची म्हटली, तर १ टेराबाइटची डिस्क अकराएक मिनिटांत भरेल. पण संगणक पडला हाडाचा कारकून. मागच्या चित्रात जे होतं तेच पुढच्यात असेल, तर तो 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळा होतो. तेवढ्यावर तासाचं काम २०-२२ गिगाबाइटमध्ये बसतं आणि त्याच डिस्कवर चाळीसेक तास मावतात. ही 'वरीलप्रमाणे'ची कला साध्या प्रोसेसरच्या पोटातल्या चित्रविभागालाही येते. डिस्कही साधी, गरगर फिरणारी चालते. ओबीएस नावाची, हे सारं चालवणारी प्रणाली तर फुकटच मिळते.

मला चेव आला. मी आणखी स्वस्त प्रोसेसर शोधून काढला. त्याच्या नावापुढे 'एफ' हे अक्षर होतं.

"तो नको. त्याच्या पोटात चित्रविभागच नसतो."

म्हणजे कारकून नेमला, पण टाक-दौत दिली नाही. काटकसर आणि कंजुषी यांच्यामध्ये एकाच अक्षराचं अंतर असतं, हे तेव्हा कळलं.

राहिलं कॅप्चर कार्ड, म्हणजे प्लेस्टेशनमधून येणारं चित्र संगणकाच्या हवाली करणारी डबी. मी झटकन स्वस्तातली उचलली. वर ठळक 'फोर-के' छापलेलं होतं. भाच्याने डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली : फोर-के आत घेते आणि टीव्हीकडे सोडते, पण नोंदवते १०८०. म्हणजे ठिपके पाव.

"पाव तर पाव," मी म्हणालो. "बघणार कोण? पुरे की तेवढं!"

भाचा डबी जागेवर ठेवत म्हणाला, "आजीच्या फोटोचं आठवतं का, मामा?"

आठवतं. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सापडेना. घरात कॅमेरा होता, पण एका रोलमध्ये छत्तीसच फोटो. तो माझ्या हातात असायचा आणि मी दर समारंभात 'आता पुरे' म्हणून झाकण लावायचो. शेवटी ताईच्या लग्नातल्या घोळक्यातून, मागच्या रांगेतून आईचा चेहरा काढून मोठा केला. मोठा होता होता तो विरघळला. आजही भिंतीवर आहे. आम्ही घरचे म्हणून ओळखतो.

पोराने टोमणा मारला नव्हता. टोमणा असता, तर परतवता आला असता.

किती पुरे, हे कशासाठी ते ठरल्याशिवाय सांगता येत नाही. दिव्यांना पैसे देणं हा मूर्खपणा होता, आणि नोंदीला न देणं हाही. पण ठेवण्याच्या गोष्टींचा 'पुरे' आपण आज म्हणतो आणि तो पुरला की नाही, ते फार उशिरा कळतं. तेव्हा दुकान बंद झालेलं असतं.

"पण एका खेळाचं एवढं काय ठेवायचंय तुला?" मी जरा नरमाईने विचारलं.

"रविवारी बाबा खेळतात ना माझ्याबरोबर. हरले की ओरडतात. ते ओरडणं हवंय."

"मग त्याला ८३ लाख ठिपके कशाला?"

"कशावर ओरडले, ते दिसायला नको?"

यावर उत्तर नव्हतं. चांगलं कॅप्चर कार्ड घेतलं. प्रोसेसर साधा, डिस्क साधी, पेटी बिनदिव्याची. ५० हजारांतले ३०० रुपये उरले. भाचा हिशेब पुन्हा जुळवत होता. प्लेस्टेशनच्या तारेतून खेळाचा आवाज येतो, भाऊजींचा येत नाही, हे कारकुनाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"आणखी काही देऊ?" वाढप्याने शेवटचा प्रयत्न केला.

"एक चांगला माइक वाढा," मी म्हणालो आणि खिशात हात घातला.