मालिका, अर्थ आणि बळी : हत्याकादंबरीच्या आस्वादाचा नैतिक प्रश्न

प्रत्यक्ष जीवनात रक्ताच्या दर्शनानेही अस्वस्थ होणारा सुसंस्कृत वाचक एकामागून एक खून करीत जाणाऱ्या माणसाची कथा रात्र जागून का वाचतो, हा प्रश्न जितका अभिरुचीचा आहे तितकाच नीतीचाही आहे. थॉमस डी क्विन्सी याने १८२७ मध्ये 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मधून खुनाचा ललितकला म्हणून विचार करणारा उपरोधिक निबंध लिहिला, तेव्हाच या प्रश्नाची एक बाजू उघड झाली होती. कृत्य टाळता येण्याजोगे असेपर्यंत माणूस त्याकडे नीतीच्या दृष्टीने पाहतो. ते घडून गेले आणि करण्यासारखे काही उरले नाही, की तोच माणूस रुचीच्या दृष्टीने पाहू लागतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. 'सिरियल किलर'च्या कादंबरीत मात्र वाचकाला हा आडोसा मिळत नाही. तेथे एक खून घडून गेलेला असतो आणि दुसरा घडावयाचा असतो. तो टळावा असे वाचकाला वाटते. आणि तो घडल्याविना कथा पुढे सरकणार नाही, हेही त्याला ठाऊक असते. या वाङ्मयप्रकाराचे आकर्षण आणि त्याचा नैतिक पेच, दोन्ही या ठिकाणी आहेत.

या आकर्षणाची जी स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात, ती या पेचापर्यंत पोहोचत नाहीत. ॲरिस्टॉटलप्रणीत विरेचनाचा आधार घेता येतो. सुरक्षित अंतरावरून अनुभवलेले भय सुखद होते, असेही म्हणता येते. परंतु ही स्पष्टीकरणे भूतकथेला, युद्धकथेला किंवा वादळाच्या वर्णनालाही लागू पडतात. 'मालिका' या घटकाने येथे नेमके काय साधले जाते, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

रूढ रहस्यकथेत खुनी आणि बळी यांच्यात नाते असते. वारसा, मत्सर, सूड, भीती यांपैकी कशाने तरी ते एकमेकांशी बांधलेले असतात, आणि म्हणून मृत व्यक्ती कोण होती हे कळल्याखेरीज खुनी कोण हे कळत नाही. मालिकाहत्येच्या कथेत हे नाते बहुधा तुटलेले असते. बळी खुन्याला अपरिचित असतो. मृत्यू निष्कारण वाटतो. अशा मृत्यूला अर्थ प्राप्त करून द्यायचा, तर तो आकृतिबंधातूनच द्यावा लागतो. दिवस, स्थळे, जखमा, मागे ठेवलेल्या खुणा यांची संगती लागते आणि निष्कारण वाटणाऱ्या मृत्यूंमागे एक कर्ता उभा राहतो. वाचकाला ओढून नेते ती क्रौर्याची चव नव्हे, तर अरिष्टालाही कोणी रचयिता असावा, ही आस होय. ही आस हीन नाही. धर्मविचार आणि शोकात्मिका यांच्या मुळाशीही ती आढळते. मात्र एका बिंदूने आकृती होत नाही. संगती लागण्यासाठी आणखी एक प्रेत हवे असते. अर्थाची ही भूक बळींच्या संख्येवर पोसली जाते, आणि बळी हा खुन्याच्या लेखनातील एक अक्षर होऊन बसतो.

थॉमस हॅरिसच्या कादंबऱ्यांत या प्रक्रियेची दोन्ही टोके दिसतात. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९८८) मध्ये ओलीस ठेवलेल्या मुलीची सिनेटर आई दूरचित्रवाणीवरून तिचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारते; खुनी मात्र त्या मुलीला निर्जीव वस्तूच्या सर्वनामाने संबोधतो. नाव आणि सर्वनाम यांतील हा संघर्ष त्या कादंबरीचा नैतिक कणा होय. क्लॅरिस स्टार्लिंगला उलगड्याचा धागा सापडतो तो पहिल्या बळीच्या खोलीत, तिच्या शिवणकामात. लेक्टरचा संकेत मार्गदर्शक असला, तरी मृत मुलगी कशी जगत होती हे पाहिल्याविना त्याचा अर्थ लागत नाही. परंतु 'रेड ड्रॅगन' (१९८१) मध्ये कथेच्या कडेला असलेला लेक्टर 'हॅनिबल' (१९९९) मध्ये शीर्षस्थानी येतो आणि 'हॅनिबल रायझिंग' (२००६) मध्ये त्याच्या बालपणाचीही कथा सांगितली जाते. खुन्याच्या व्यक्तित्वाला क्रमाने खोली येत गेली. त्याच्या बळींना तशी ती आली नाही.

या आकर्षणाची सर्वांत कठोर चिकित्सा फ्रीडरिख ड्युरेनमाटने 'डास फेरश्प्रेखेन' (१९५८) या कादंबरीत केली आहे. याच कथावस्तूवर त्याने आधी चित्रपटासाठी लेखन केले होते आणि चित्रपटात खुनी सापडतो. कादंबरीत त्याने हे समाधान काढून घेतले. लहान मुलींचे खून करणाऱ्याला शोधण्याचे वचन एका आईला देणारा माथाई आकृतिबंध अचूक ओळखतो. रस्त्यालगत पेट्रोलपंप चालवीत, तशाच एका मुलीला तिच्या आईच्या नकळत आमिष म्हणून ठेवतो आणि वाट पाहतो. त्याचे अनुमान बरोबर असते. खुनी निघालेलाही असतो. पण वाटेतच मोटार-अपघातात तो मरतो. माथाई वाट पाहत झिजून जातो. येथे तर्काचा पराभव यदृच्छेने होतो, हे बहुधा ध्यानात घेतले जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आकृती पूर्ण व्हावी म्हणून खुन्याने यावे, अशी इच्छा करणारा माथाई हा वाचकाचाच प्रतिनिधी आहे. मूल आमिष होते ते सद्हेतूने. आणि तरीही ते साधनच ठरते.

कलाकृतीला नीतीचे बाह्य मापदंड लावू नयेत, हा आक्षेप येथे गैरलागू आहे. कारण भयाचा आश्रय कोठे आहे, हा प्रश्न रूपबंधाचाच आहे. अभिनवगुप्ताने भयानक रसाच्या विवेचनात 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे भयाचा आश्रय हरिण आहे, शिकारी नव्हे. साधारणीकरणाने ते भय देशकालाच्या व व्यक्तीच्या मर्यादांतून सुटते, पण ते भय म्हणूनच उरते. हत्याकादंबरीत अनेकदा याच्या उलट घडते. विशेषत्व सारे शिकाऱ्याकडे जाते. बळीचे साधारणीकरण न होता केवळ प्रकारीकरण होते: अमुक वयाची, अमुक केसांची, अमुक क्रमांकाची. हा रसाचा परिपोष नसून त्याच्या आश्रयाचा लोप होय.

तेव्हा अशा कादंबरीचे मोल तिच्यातील रक्ताच्या प्रमाणावरून ठरणार नाही. हिंसा पडद्याआड ठेवणारी कृतीही बळीला अक्षर करून सोडू शकते, आणि भीषण वर्णन करणारी कृतीही त्याला नाव परत देऊ शकते. पुढील मृत्यूची प्रतीक्षा करणाऱ्या वाचकाला ती कृती त्या प्रतीक्षेची जाणीव करून देते काय, हे पाहावे लागेल. कालिदासाच्या नाटकात हरिणाच्या पळण्याचे सौंदर्य वर्णन करतो तो दुष्यंतच, म्हणजे ज्याने बाण जोडला आहे तोच. रुची आणि हिंसा यांचे इतके निकट साहचर्य त्या नाटकालाही अपरिचित नाही. परंतु तेथे तपस्वी मध्ये येतात आणि राजा बाण उतरवतो. मालिकाहत्येच्या वाङ्मयात असे मध्ये येणारे पुष्कळदा कोणी नसते. ते काम वाचकाच्या विवेकावर सोडलेले असते.