घुणाक्षर आणि ते वाचणारा

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात २२ फेब्रुवारी १८९० रोजी आर्थर गुडस्पीड हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि विल्यम जेनिंग्ज हे छायाचित्रकार विजेच्या ठिणग्यांचे फोटो घेत होते. ते काम आटोपल्यावर गुडस्पीडनी जेनिंग्जना प्रयोगशाळेतल्या क्रुक्स नळ्या चालू करून दाखवल्या. जवळच न वापरलेल्या फोटोच्या काचा होत्या आणि त्यांच्यावर सहज ठेवलेली नाणी. पुढे काचा धुतल्या तेव्हा एकीवर गोल चकत्यांच्या सावल्या उमटलेल्या दिसल्या. दोघांनाही त्यांचा अर्थ लागेना, म्हणून काच बाजूला पडली. जवळजवळ सहा वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला विल्हेल्म राँटगेन यांना दिसले की काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली नळी चालू असताना लांबचा एक रासायनिक लेप दिलेला पडदा चमकतो आहे. ते सात आठवडे त्या चमकण्याच्या मागे लागले आणि डिसेंबरअखेर त्यांनी क्ष-किरणांवरचा निबंध सादर केला. ती बातमी फिलाडेल्फियाला पोचली तेव्हा जुनी काच शोधून काढली गेली. क्ष-किरणांचे ते चित्र राँटगेनच्या कितीतरी आधीचे होते, पण शोधाचे श्रेय आपल्याला नको, असे खुद्द गुडस्पीडनीच सांगून टाकले. त्यात विनयापेक्षा बिनचूकपणा जास्त होता. योगायोग त्यांच्याकडेही झाला होता, शोध मात्र लागला नव्हता.

सध्या कंपन्यांमध्ये ‘योगायोगाची मशागत’ हा विषय जोरात आहे. कॅन्टीन मुद्दाम मधोमध ठेवतात, जिने रुंद करतात, भिंती पाडून सगळ्यांना एका दालनात बसवतात. माणसे एकमेकांवर आदळली की कल्पनांच्या ठिणग्या उडतील, असा त्यामागचा हिशेब आहे. पण या हिशेबाच्या बुडाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे आणि तो वास्तुविशारदाच्या टेबलावर सुटण्यासारखा नाही. जे ठरवून होत नाही, त्यालाच आपण योगायोग म्हणतो. मग ते ठरवून घडवून आणायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला. श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीला जगाच्या कारणांची चर्चा आहे. काल, स्वभाव, नियती यांच्या पंक्तीला तिथे यदृच्छाही बसवलेली आहे. उपनिषदाला ती शेवटी मान्य नाही, पण विचारात घेण्याजोगी नक्कीच वाटली. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. योगवासिष्ठाचा सूर याच्या अगदी उलट आहे. दैव म्हणून वेगळे काही नसतेच, आधी केलेल्या प्रयत्नांनाच लोकांनी दिलेले ते नाव आहे, असे वसिष्ठ रामाला पुन्हा पुन्हा बजावतात. समर्थ रामदासांनीही यत्नालाच देवाच्या आसनावर बसवले. महाराष्ट्राच्या कष्टाळू मनाला ही दुसरी बाजू जवळची वाटते, यात नवल नाही. तरी शोधांचा इतिहास पाहिला की या वादात गीतेचा पाच कारणांचा हिशेब मला जास्त खरा वाटतो.

पेनिसिलिनचेच पाहा. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ च्या सप्टेंबरात सुट्टीहून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जिवाणू वाढवलेल्या एका बशीत बुरशी आलेली दिसली आणि तिच्या भोवतालचे जिवाणू विरून गेलेले दिसले. एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. रोनाल्ड हेअर हे त्या विभागात काम केलेले संशोधक. त्यांनी पुढे हा प्रसंग पुन्हा घडवून पाहायचा प्रयत्न केला, तेव्हा कळले की ते मुळीच सोपे नाही. जिवाणूंची वाढ आधी झाली तर बुरशीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. बुरशीला आधी वाढायला मिळाले पाहिजे आणि त्यासाठी हवा काही दिवस थंड हवी. लंडनच्या हवामानाच्या नोंदींत त्या उन्हाळ्यात नेमका तसा थंडाव्याचा काळ आणि मागोमाग उष्मा सापडला. बुरशीचे बीजाणूही बहुधा खालच्या मजल्यावरच्या बुरशीतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेतून आले असावेत. फ्लेमिंग यांची पूर्वतयारी दांडगी होती. १९२१-२२ मध्येच त्यांना नाकातल्या स्रावात जिवाणू विरघळवणारे लायसोझाइम सापडले होते, त्यामुळे अशा विरलेल्या वर्तुळाकडे त्यांची नजर जाणे साहजिक होते. पण ही तयारी कितीही मोठी असली तरी लंडनचा पारा तिच्या ताब्यात नव्हता. वसिष्ठांचे उत्तर इथे अपुरे पडते. पाचवे कारण उरतेच.

मात्र उरलेली चारही लागतात. संस्कृत शास्त्रकारांनी यासाठी घुणाक्षर न्याय सांगून ठेवला आहे. लाकूड पोखरणाऱ्या किडीच्या वाटेतून कधीतरी एखादे अक्षर उमटते, किडीला त्याचा पत्ता नसतो. हा दृष्टान्त बहुधा कर्तृत्व नाकारण्यासाठी वापरतात. या यशात तुमचे काही नाही, ते किडीने कोरलेले अक्षर आहे, असे म्हणायला. पण त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ज्याला लिपी येत नाही त्याच्यासाठी ते अक्षर नसून नुसते भोक असते. फिलाडेल्फियाच्या काचेवर अक्षर उमटले होते, वाचणारा नव्हता. आधुनिक खगोलशास्त्रात तर हे एकाच यंत्रावर घडले. न्यू जर्सीतल्या होमडेल इथे बेल प्रयोगशाळेचा शिंगाच्या आकाराचा एक अँटेना होता. त्यावर १९६१ साली एड ओम यांना तीन अंशांच्या आसपासचे जास्तीचे तापमान मिळाले होते. मोजमापातल्या चुकीच्या मर्यादेत ते बसत होते, म्हणून त्यांनी ते तिथेच सोडले. १९६४ मध्ये त्याच अँटेनावर आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना तीच खरखर ऐकू आली. दिशा बदलली, दिवस-रात्र झाली, ऋतू पालटला, तरी ती तेवढीच. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते, ते काढून सगळी घाणही साफ केली. खरखर हटेना. ती विश्वाच्या जन्मकाळची उरलेली ऊब होती आणि त्यासाठी १९७८ चे नोबेल मिळाले.

या दोघांना उत्तर कसे मिळाले, ते कंपन्यांच्या बांधकाम विभागाने नीट पाहावे. त्यांनी न सुटलेली खरखर महिनोन्‌महिने जवळ बाळगली. एकदा बर्नार्ड बर्क या खगोलशास्त्रज्ञाशी फोनवर दुसऱ्याच विषयावर बोलताना पेन्झियसनी तिचा उल्लेख केला, आणि प्रिन्स्टनचे लोक नेमकी हीच गोष्ट शोधत आहेत, हे बर्कनी सांगितले. म्हणजे गाठ पडल्याने योगायोग जन्माला आला नाही. तो आधीच होऊन गेला होता, गाठ पडल्याने तो वाचता आला. हा फरक बारीक वाटेल, पण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. तेच थ्रीएम कंपनीचे. स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये मजबूत गोंद करायला घेतला आणि झाला तो धड न चिकटणारा, सहज निघून येणारा. त्यांनी तो फेकला नाही. कंपनीतल्या लोकांना तो वर्षानुवर्षे दाखवत राहिले, कोणाला उपयोग सुचतो का ते विचारत राहिले. १९७४ मध्ये आर्ट फ्राय यांना चर्चमधल्या भजनाच्या पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या टिकत नाहीत, या वैतागातून तो गोंद आठवला. सिल्व्हरनी सहा वर्षे तो निरुपयोगी गोंद सांभाळला नसता, तर फ्राय यांच्या वैतागाला जोडायला काहीच नसते. माणसे एकत्र आणणे सोपे. त्यांच्या खिशात न सुटलेले काही असू देणे अवघड, कारण आपल्या कामाच्या पद्धतीत न सुटलेले ते अपयशात जमा होते.

नुसत्या भिंती पाडून काय होते, याचा पुरावाही आहे. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुल्या दालनात गेल्यावर माणसांचे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. सतत दिसत राहणारा माणूस स्वतःभोवती न दिसणारी भिंत घालून घेतो. याचा अर्थ जवळीक फुकट आहे असा नाही. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की बसायच्या जागांमधले अंतर ५० मीटरच्या आसपास गेले की अभियंत्यांचे नियमित बोलणे जवळपास संपते. तेव्हा अंतर घातक आहे, पण जवळीक पुरेशी नाही.

आता कोणी म्हणेल, ही सगळी यशाची गोष्ट आहे. धड न चिकटणारे हजार गोंद कपाटात पडून राहिले असतील, त्यांचा इतिहास कोण लिहितो? आक्षेप रास्त आहे आणि त्याहून अवघड आक्षेप त्याच्या पोटात आहे. लिपी येणाऱ्याला प्रत्येक भोकात अक्षर दिसू लागले तर? फ्रान्समध्ये नान्सीला रने ब्लोन्दलो या नामांकित भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये ‘एन-किरण’ शोधल्याचे जाहीर केले. इतरही कितीतरी जणांना ते दिसू लागले. १९०४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड तिथे गेले, अंधारात उपकरणातला लोलक हळूच काढून घेतला, आणि तरी निरीक्षणे पूर्वीसारखीच येत राहिली. ब्लोन्दलो यांची पूर्वतयारी कमी नव्हती, उलट नको इतकी होती. म्हणजे वाचणाऱ्याइतकाच खोडणाराही लागतो, आणि मला वाटते, माणसे एकत्र आणण्याचा खरा उपयोग ठिणग्यांपेक्षा इथे आहे.

वि. का. राजवाडे यांच्या आयुष्यात या दोन्ही बाजू एकाच माणसात दिसतात. मोडी कागदांची दप्तरे माळ्यावर कुजत असताना ते गावोगाव हिंडले. कोणत्या वाड्यात काय निघेल हे कोणालाच माहीत नव्हते. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे बावीस खंड त्या भटकंतीतून उभे राहिले. हे दैवावर हवाला ठेवणे नव्हते. मोडी वाचता येणारा, पेशवाईच्या घडामोडी मुखोद्गत असलेला माणूस अनिश्चिताच्या दाराशी जाऊन बसत होता. पण याच राजवाड्यांना शब्दांच्या आणि गावांच्या नावांच्या व्युत्पत्तींत कधी कधी नसलेली अक्षरेही दिसली. त्यांचे तसले काही निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारले नाहीत, साधने मात्र टिकली. १९१० मध्ये पुण्यात त्यांच्याच पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. त्याच्या पाक्षिक सभांत कोणी एखादा नवा सापडलेला कागद वाचायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचे, हा शिरस्ता पडला. कॉफीच्या यंत्राजवळच्या अपघाती भेटींपेक्षा असा एखादा ठरलेला दिवस अधिक कामाचा, असे माझे मत आहे. आपल्याकडचा अर्धवट कागद लोकांपुढे ठेवायची आणि तिथे खोडला जायची त्यात सोय असते.

गीतेचा निष्काम कर्मयोगही या चर्चेत हमखास ओढला जातो. तो कारखान्याच्या उत्पादकतेसाठी सांगितलेला नाही. रणांगणावरच्या कर्तव्याच्या पेचातून तो आला आहे, आणि व्यवस्थापनाच्या शिबिरांत त्याची होणारी स्वस्त विक्री मला खटकते. तरी त्यातला एक धागा इथे प्रामाणिकपणे घेता येतो. ज्याचे मन ठरलेल्या फळावर खिळले आहे, त्याला न ठरलेले फळ दिसत नाही. सिल्व्हरच्या गोंदाकडे ‘मजबूत आहे का?’ एवढ्या एकाच प्रश्नाने पाहिले असते तर तो कचऱ्यात गेला असता. फळाविषयी उदासीन व्हा, असे याचे सांगणे नाही. कोणते फळ, ते मात्र आधीच पक्के करू नका.

शेवटचा आक्षेप पैशांचा आहे आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. रिकामा वेळ कोणाला? थ्रीएमने कामाच्या वेळातला पंधरा टक्के भाग स्वतःच्या कल्पनांसाठी मोकळा ठेवला, पण तो प्रामुख्याने तंत्रज्ञ-संशोधकांसाठी. लाइनवरचा ऑपरेटर, वॉर्डातली नर्स, आठ तास आकडे भरणारी मुलगी यांना ही मुभा नाही, आणि विचित्र गोष्ट पहिल्यांदा दिसते ती बहुधा त्यांनाच. केंब्रिजमध्ये १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने दुर्बिणीचे कागदी आलेख रोज हाताने तपासताना एक बारीकशी ओरखड्यासारखी नोंद पकडली. तो पहिला पल्सार होता. १९७४ चे नोबेल तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना, मार्टिन राइल यांच्यासह मिळाले, तिला नाही. टोयोटाने लाइनवरच्या कोणाही कामगाराला दोरी ओढून काम थांबवायचा अधिकार दिला, त्याचे मोल इथे कळते. खालच्या माणसाला दिसलेली गफलत वर पोचायला वाट हवी आणि ती पोचवल्याबद्दल त्याला ओरडा बसता कामा नये. हे खर्चिक नाही. खर्चिक आहे ते निरुपयोगी वाटणारे सांभाळणे, आणि त्याचे समर्थन आधी करताच येत नाही. फ्लेमिंगनी १९२९ मध्ये निबंध छापला, पण पेनिसिलिन शुद्ध करणे त्यांना जमले नाही. जवळजवळ दहा वर्षे ते तसेच राहिले. १९३८ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या विभागात एर्न्स्ट चेन यांनी तो निबंध वाचला. बुरशी कुठून आणायची, हा प्रश्न त्यांना पडायच्या आतच सुटला, कारण फ्लेमिंगची ती बुरशी त्याच इमारतीत होती. फ्लोरींच्या आधीचे प्रमुख जॉर्ज ड्रायर यांनी ती वेगळ्याच कल्पनेपोटी मागवली होती. ती कल्पना फसली, ड्रायर १९३४ मध्ये वारले, तरी त्यांच्या मागे प्रयोगशाळेतल्या कोणीतरी ती बुरशी वर्षानुवर्षे वाढवत ठेवली होती. त्या वर्षांच्या जमाखर्चात त्या कामाला कोणते शीर्षक देता आले असते, ते सांगणे कठीण आहे.