उभ्याउभ्या

आमच्या लोकांत एक विशेष प्रकारचा पाहुणा असतो. तो दाराशीं येतो, चपला काढीत नाहीं, आणि "बसायला आलों नाहीं हं, उभ्याउभ्या डोकावून जातों" असें म्हणून अर्धा तास बोलत उभा राहतो. त्याला बसवावें तर तो बसत नाहीं, चहा विचारावा तर तो घेत नाहीं. पण तो गेल्यावर घरांतलीं वडीलधारीं माणसें "आला हो आठवणीनें" असेंच म्हणतात. अर्ध्या तासांत कसली भेट झाली, असा हिशेब कोणी मांडीत नाहीं. परंतु हाच गृहस्थ एखाद्या परक्या शहरांत उभ्याउभ्या जाऊन आला, तर आपण त्याची थट्टा करतों. आणि तो तेथील हकीकत सांगूं लागला, तर अधिकच करतों. या दोन न्यायांपैकीं खरा कोणता, याचा विचार करण्याची पाळी २०२४ सालीं माझ्यावर आली. आणि तीहि अशा शहराच्या बाबतींत, कीं जेथें माझी बरीच अब्रू गुंतलेली होती.

गेलीं सुमारें तीस वर्षें मी महाविद्यालयांत युरोपचा इतिहास शिकवीत आहें. त्यांत इ. स. १४५३ हें साल आलें, म्हणजे माझा आवाज थोडा चढतो, असें विद्यार्थी म्हणतात. दुसऱ्या थिओडोशियसच्या कारकीर्दींत उभा राहिलेला कॉन्स्टँटिनोपलचा तो जमिनीकडील दुहेरी तट, त्याच्यासमोर ओढून आणलेली ती प्रचंड तोफ, ६ एप्रिलपासून २९ मेपर्यंत चाललेला तो वेढा, आणि शेवटच्या रात्रीं हागिया सोफियाच्या घुमटाखालीं जमलेले ते हवालदिल लोक, हें सर्व मीं इतक्या वेळां सांगितलें आहे कीं, त्या शहरांतून आपण डोळे मिटून हिंडूं शकूं, असें मला वाटूं लागलें होतें. डोळे उघडून मात्र मीं तें कधींच पाहिलें नव्हतें. पण त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं, अशीहि मीं आपली समजूत करून घेतली होती. गिबनच्या इतिहासाचे शेवटचे खंड १७८८ मध्यें प्रसिद्ध झाले व त्यांत या शहराच्या पाडावाचें वर्णन आहे. पण गिबन स्वतः त्या शहरीं कधीं गेला नाहीं. तत्त्वज्ञ कांट यानें तर आपला प्रांत न सोडतां चाळीस वर्षें पृथ्वीचा भूगोल शिकविला. मोठ्या माणसांच्या उणिवा आपल्यांतहि असल्या, म्हणजे मनाला केवढा आधार वाटतो!

आमचा मुलगा बर्लिनला नोकरीस असतो. त्याच्याकडे आम्ही उभयतां महिनाभरासाठीं निघालों. जें तिकीट परवडलें तें इस्तंबूलवरून जाणारें होतें, आणि जातांना व येतांना दोन्ही वेळां तेथें नऊ तास थांबावयाचें होतें. जर्मनीचा परवाना पासपोर्टावर असल्यामुळें तुर्कस्तानांत शिरण्याचा परवानाहि घरबसल्या मिळण्यासारखा होता. मुलानें तें कळविलें, आणि माझ्या पत्नीनें विचारलें, "अहो, नऊ तास आहेत. शहरांत जाऊन येऊं या का?"

मीं कागद घेऊन हिशेब मांडला. २०१८ सालीं उघडलेला तेथील नवा विमानतळ शहराबाहेर, पार काळ्या समुद्राच्या बाजूस. जुन्या शहरांत जावयास दीड तास, परत यावयास दीड तास. पासपोर्टाच्या रांगेंत एक तास. सुटण्यापूर्वीं अडीच तास हजर राहिलें पाहिजे. शिल्लक अडीच तास. त्यांत तिचा गुडघा. हीं सर्व कारणें खरीं होतीं, आणि त्यांपैकीं एकहि माझें नव्हतें. माझें कारण मीं शेवटीं सांगितलें: "पाहावयाचें तर नीट पाहावें. हजार वर्षांची राजधानी अडीच तासांत पाहणें हा त्या शहराचा अपमान आहे." ती "बरें" म्हणाली. संसारी वाचकांस या एका शब्दाचा अर्थ फोडून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

तेव्हां जातांना आम्ही ते नऊ तास विमानतळावर बसून काढले. कायद्याच्या दृष्टीनें त्या बसण्यांत एक मौज आहे. पाय तुर्कस्तानच्या जमिनीवर, चहा तुर्कस्तानचा, भिंतीवरचें घड्याळ तुर्कस्तानचें. पण पासपोर्टावर शिक्का नाहीं, म्हणून आपण तुर्कस्तानांत आलोंच नाहीं. आणि याच्या उलट दुसरें टोंक माझ्या मनांत आलें. १९१० च्या ८ जुलै रोजीं सावरकरांनीं मार्सेयच्या बंदरांत 'मोरिया' बोटीच्या खिडकींतून उडी टाकली, पोहत धक्का गांठला, आणि कांहीं मिनिटांतच ते पुन्हां पकडले गेले. फ्रान्समधील त्यांचा मुक्काम तो एवढाच! पण तेवढ्या मिनिटांवरून दोन राष्ट्रांत वाद उभा राहिला व तो हेगच्या न्यायमंडळापुढें गेला. १९११ च्या फेब्रुवारींत निकाल लागला, तो त्यांना प्रतिकूल लागला, ही गोष्ट निराळी. ते फ्रान्सच्या भूमीवर उतरले होते, हें मात्र कोणीं नाकारलें नाहीं. एक मनुष्य मिनिटांत देशांत जाऊन येतो, आणि दुसरा नऊ तास बसूनहि जात नाहीं. तेव्हां मोजमाप घड्याळाचें नसावें, एवढें तरी मला त्या बाकावर कबूल करावें लागलें.

पत्नी मात्र कायद्याच्या वाटेनें जात नाहीं. ती म्हणाली, "अण्णा आळंदीहून पालखीबरोबर चालत जायचे. अठरा-वीस दिवसांची वाट, मग रात्रभर बारींत उभें राहायचें, आणि पायांवर डोकें टेकतांय न टेकतांय तोंच पुढें ढकलायचे. दोन वर्षें तर गर्दी एवढी होती, कीं कळसाचें दर्शन घेऊनच ते परतले. पण नीट झालें नाहीं असें त्यांच्या तोंडून कधीं ऐकलें नाहीं."

मीं उत्तर दिलें, "ती भक्ति आहे. हें प्रेक्षणीय स्थळ आहे."

"तुम्हांला तें नुसतें प्रेक्षणीय स्थळ आहे?" तिनें विचारलें, आणि विणकाम पुढें चालू केलें.

बर्लिनमधील महिन्यांत या प्रश्नानें माझी पाठ सोडली नाहीं. धांवत्या भेटीच्या विरुद्ध बाजूनें जें बोलतां येतें तें थोडें नाहीं, आणि तें मी आजहि टाकून देत नाहीं. ज्याच्याजवळ दोन तास आहेत, त्याला जें सर्वांत जवळ तेंच दिसतें, आणि सर्वांत जवळ तेंच मांडलेलें असतें जें विकावयाचें आहे. असे प्रवासी हजारोंनीं येऊं लागले, म्हणजे शहराचा तेवढा भाग त्यांच्यासाठींच नटून बसतो, आणि तेथल्या रहिवाशांना तेथून काढता पाय घ्यावा लागतो. पण याहून मोठा दोष जिभेचा आहे. जो गेलाच नाहीं, तो निदान गप्प असतो. जो अर्धा दिवस जाऊन आला, तो "तेथले लोक ना" अशी सुरुवात करतो. बोटीच्या काळीं आपली विलायतेस जाणारी मंडळी एडनला व पोर्ट सय्यदला कांहीं तास उतरत. कांहीं हौशी लोक तर सुवेझला उतरून कैरो गांठीत, पिरॅमिडांना वळसा घालीत, आणि कालव्यांतून सावकाश येणारी आपली बोट पोर्ट सय्यदला पुन्हां पकडीत. त्यांच्या धाडसाचें मला कौतुक वाटतें. पण त्यांपैकीं ज्यांनीं बोटीभोंवतीं माल विकावयास येणाऱ्या चार फेरीवाल्यांवरून साऱ्या अरब जातीचा स्वभाव ठरवून टाकला, त्यांनीं न उतरतां डेकवर पत्ते खेळले असते तर बरें झालें असतें.

तथापि हा दोष सांगण्याचा आहे, जाण्याचा नव्हे. आणि नीट पाहणें म्हणजे तरी किती? पुण्यांत इतकीं वर्षें राहून शनिवारवाड्याच्या आंत मी तीनदां गेलों आहें, आणि तिन्ही वेळां कोणीतरी पाहुणा बरोबर होता, व त्याला संध्याकाळची गाडी गांठावयाची होती.

मग माझ्या नकाराचें मूळ कोठें होतें? शहराच्या मानाची मला खरोखरच काळजी होती काय? प्रामाणिकपणें पाहतां तसें दिसेना. ज्या शहराचा मी वर्गांत तीस वर्षें मुखत्यार होतों, तेथें दोन तासांचा सामान्य प्रवासी म्हणून, हातांत नकाशा धरून, चुकीच्या गल्लींत उभें राहणें मला नको होतें. सर्व मिळत नसेल तर थोडेंहि नको, या वृत्तीला आपण रसिकता म्हणतों. पण तिच्यांत मालकीचा अभिमान बराच असतो.

आणि "पुढें कधीं सवडीनें येऊं" हें जें मी मनाशीं म्हणत होतों, तें मी पूर्वींहि एकदां म्हटलेलें होतें. ज्या गुरुजींनीं मला या इतिहासाची गोडी लावली, ते निवृत्त झाल्यावर मिरजेस राहत. सासुरवाडीस जातांना मला मिरजेला गाडी बदलावी लागे, आणि मध्यें तीन-साडेतीन तास मोकळे असत. त्यांचें घर स्टेशनपासून टांग्याच्या अंतरावर होतें. प्रत्येक वेळीं मी विचार करीं, कीं एवढ्या मोठ्या माणसाकडे उभ्याउभ्या काय जावयाचें? दिवाळीच्या सुटींत दोन दिवस काढून येऊं, आणि पोटभर बोलूं. अशा चार दिवाळ्या गेल्या. पांचव्या वर्षीं मार्गशीर्षांत ते वारल्याचें पत्र आलें. नंतर त्यांच्या पत्नीनें बोलतां बोलतां सांगितलें, कीं मी त्या गाडीनें जातों हें त्यांना ठाऊक होतें. यापेक्षां अधिक त्या कांहीं बोलल्या नाहींत.

परतीच्या प्रवासांत इस्तंबूलला उतरल्यावर मी पासपोर्टाच्या रांगेंत जाऊन उभा राहिलों. पत्नी कांहीं न बोलतां मागें येऊन उभी राहिली.

हिशेब बहुतेक बरोबर ठरला. रस्त्यांतल्या गर्दीनें वीस मिनिटें जास्तच खाल्लीं. हागिया सोफिया ५३७ सालीं जस्टिनियननें चर्च म्हणून पुरें केलें, १४५३ पासून ती मशीद झाली, १९३५ पासून संग्रहालय, आणि २०२० पासून पुन्हां मशीद. २०२४ च्या आरंभापासून परक्या प्रेक्षकांना वरच्या सज्जांतच सोडूं लागले होते, आणि त्याचें तिकीट माणशीं २५ युरो होतें. माझा चेहरा पाहून पत्नीनें पैसे काढले. गुडघा धरीत, थांबत थांबत ती वर चढली.

घुमटाविषयीं मी येथें कांहीं लिहिणार नाहीं. तेवढा अधिकार मीं मिळविला नाहीं. त्याच्या बुडाशीं चाळीस खिडक्या आहेत, हें मी दरवर्षीं सांगत आलों होतों. पण ज्या चाळीस मीं सांगितल्या त्या मोजलेल्या होत्या. तेथें उभें राहिल्यावर मोजण्याचें सुचलें नाहीं. खालीं गालिच्यावर माणसें नमाजाला बसत होतीं, उठत होतीं, आणि आमच्याकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें, हें मला बरें वाटलें. दक्षिणेकडील सज्जांत ख्रिस्ताचें जें प्रसिद्ध कांचचित्र आहे, त्याचा खालचा बहुतेक भाग झडून गेला आहे. चेहरे राहिले आहेत. पत्नी त्याच्यापुढें फार वेळ उभी राहिली. तिला त्याचा इतिहास ठाऊक नव्हता. मीं सांगावयास आरंभ केला, तेव्हां तिनें हातानेंच थांबविलें.

मला जें हवें होतें तें जवळच, संगमरवरी कठड्यावर होतें. उत्तरेकडच्या देशांतून आलेल्या कोणा नॉर्स माणसानें, बहुधा बादशहाच्या चाकरींतील शिपायानें, हजार-अकराशें वर्षांपूर्वीं आपल्या लिपींत तेथें नांव कोरून ठेवलें आहे. हाल्फदान एवढेंच कसेंबसें वाचतां येतें. पुढचीं अक्षरें झिजलीं. पूजा चालू असतां कंटाळून त्यानें हा उद्योग केला असावा. त्या काळच्या जगांतील सर्वांत मोठ्या मंदिरांत तो उभा होता, आणि त्याला लिहावेंसें वाटलें तें स्वतःचें नांव! त्याला हंसावें, असें प्रथम मनांत आलें. पण तीस वर्षें मीं तरी काय केलें होतें?

खालीं उतरलों तेव्हां तासभर उरला होता. तेवढ्यांत मोटार करून तट तरी पाहून येऊं, असें मीं म्हटलें. माझ्या सगळ्या व्याख्यानांचा नायक तोच होता. पत्नी म्हणाली, "आतां कोठें जाणें नको. एक चहा घेऊं. पण बसून घेऊं." एका गल्लींत दोन स्टुलें मिळालीं. तेथल्या कमरेशीं निमुळत्या कांचेच्या पेल्यांतून चहा आला. दुकानदारानें मांजरांसाठीं वाटींत पाणी भरून ठेवलेलें होतें; एक मांजर पाणी पिऊन तिच्या पायाशीं येऊन बसलें, तेव्हां तिनें गुडघा हलवावयाचेंहि नाकारलें. ती पंचवीस मिनिटें मीं घड्याळाकडे पाहिलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. पण पुष्कळ वेळां पाहिलें नाहीं.

त्या वर्षीं वर्गांत १४५३ आलें, तेव्हां मी तिकडून जाऊन आल्याची वार्ता मुलांना लागलेली होती. एका मुलीनें विचारलें, "सर, तो तट प्रत्यक्षांत किती उंच दिसतो?"

आंतली भिंत अदमासें १२ मीटर उंच, असें पुस्तकांत दिलें आहे, असें मीं तिला सांगितलें. प्रत्यक्षांत कसा दिसतो तें मला सांगतां आलें नाहीं. तो पाहावयाचा राहिला.